पिशवीवर ‘होमोजिनाइज्ड’, पुस्तकात ‘विषमांगी’: दूध नक्की काय?

पाटीपेन्सिल
मिठाचं पाणी समांगी, वाळू आणि पाणी विषमांगी, इथवर मुलांना सगळं पटतं. दूध आलं की गाडी अडते. डोळ्यांना ते एकजीव दिसतं, पिशवीवर ‘होमोजिनाइज्ड’ असं ठळक छापलेलं असतं आणि उत्तरात मात्र ‘विषमांगी’ लिहिलं तरच गुण. मुलं पिशवी समोर धरून विचारतात तेव्हा ‘पुस्तकात तसं आहे’ हे उत्तर देणं मला अजिबात पटत नाही.

दोन गोष्टी हव्या आहेत. घरातल्या वस्तूंनी करून दाखवता येईल अशी कसोटी, आणि समांगी-विषमांगी ओळखण्यात चूक झाली तर खरंच काहीतरी बिघडतं अशी रोजची उदाहरणं. पोहे, चिवडा, भेळ ही यादी सगळ्यांना पाठ आहे, ती नको.

निवळशंख
कसोटी सोपी आहे: उजेडाचा पट्टा दिसतो का ते बघायचं.

सपाट बाजूंची काचेची बरणी, पाव लिटर स्वच्छ पाणी, अंधारी खोली आणि मोबाइलचा टॉर्च. टॉर्चवर पुठ्ठा लावून त्याला सुईने भोक पाडा, म्हणजे बारीक झोत मिळेल. झोत बरणीच्या एका बाजूने आत सोडा आणि स्वतः काटकोनात उभे राहून बघा. आधी नुसत्या पाण्यात बघा. नळाचं ताजं पाणी असेल तर दहा मिनिटं तसंच ठेवा, कारण हवेचे बारीक बुडबुडेही पट्टा दाखवतात. मग त्यात दुधाचा एकच थेंब टाकून ढवळा. पट्टा लख्ख दिसेल. बाजूने निळसर झाक येईल आणि झोताच्या समोरून पाहिलं तर उजेड पिवळट-तांबूस दिसेल. एका थेंबाच्या वर जाऊ नका, चमचाभर टाकलंत तर नुसता पांढरेपणा दिसतो आणि पट्टा हरवतो.

मिठाच्या पाण्यात पट्टा दिसत नाही, पण इथे एक फसगत आहे. पुडीतलं बारीक मीठ मोकळं राहावं म्हणून त्यात न विरघळणारी भुकटी किंचित मिसळलेली असते, तिच्यामुळे पाणी धूसर होतं. खडे मीठ घेतलं तर त्यात माती असते. म्हणून मीठ विरघळवून पाणी रात्रभर निवळू द्या आणि वरचं पाणी अलगद ओतून घ्या. नाहीतर साखर वापरा, ती जास्त सोयीची.

कौलातून आलेल्या कवडशात धुळीचे कण नाचताना दिसतात, तोच हा परिणाम. जॉन टिंडल या शास्त्रज्ञाचं नाव त्याला मिळालं. त्याच्याही आधी, १८५७ साली, मायकेल फॅरडेने सोन्याचे अतिसूक्ष्म कण असलेल्या लालभडक पाण्यातून झोत सोडून असाच पट्टा पाहिला होता. ते लाल पाणीही डोळ्यांना अगदी द्रावणासारखं दिसतं.

तिरफळ
लेझर पॉइंटर चालेल का? मुलांना त्याचं आकर्षण जास्त.

निवळशंख
पट्टा सुरेख दिसतो, पण वर्गात नको. काचेवरून परतलेला किरणही डोळ्यात जाऊ शकतो. शिवाय जांभळ्या लेझरने दुसरी फसगत होते. हळद घालून गाळलेल्या तेलातून तो सोडला की हिरवट पट्टा दिसतो आणि वाटतं, तेलात कण तरंगताहेत. तसं नसतं. हळदीतलं रंगद्रव्य तेलात पूर्ण विरघळलेलं असतं आणि जांभळा प्रकाश शोषून स्वतः हिरवट चमकतं. खूण लक्षात ठेवा: पट्ट्याचा रंग झोताच्या रंगापेक्षा वेगळा असेल तर ते चमकणं आहे, विखुरणं नव्हे.

दूधभाकर
आता दुधाचं बघू. कच्च्या दुधात स्निग्धाचे गोळे पाण्यात तरंगत असतात, बहुतेक १ ते १० मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), सरासरी ३-४. त्यांच्या जोडीला केसिन या प्रथिनाचे पुंजके असतात, ते बरेच लहान, साधारण ५० ते ५०० नॅनोमीटर (मायक्रॉनचे हजार भाग केले की एक नॅनोमीटर). दुग्धशर्करा आणि क्षार मात्र खरोखर विरघळलेले असतात. म्हणजे एकाच पेल्यात द्रावण आहे, कलिल (न विरघळता तरंगणारे अतिसूक्ष्म कण) आहे आणि पायसही (एका द्रवात न मिसळणाऱ्या दुसऱ्या द्रवाचे थेंब) आहे. ‘दूध कोणत्या प्रकारात?’ हा प्रश्न त्यामुळेच अवघड जातो.

डेअरीत दूध ६०-६५ अंश सेल्सिअसला तापवून मोठ्या दाबाने अतिशय अरुंद फटीतून ढकलतात. दाब साधारण १५० ते २०० बार. लगेच पुढे दुसरी फट असते, तिथे दाब ३५-५० बारच्या आसपास. पहिल्या फटीत गोळे फुटतात. फुटलेले तुकडे पुन्हा घोसासारखे एकमेकांना चिकटतात, ते दुसरी फट सोडवते. गोळे १ मायक्रॉनच्या खाली येतात. तापवणं आवश्यकच, कारण स्निग्धांश घट्ट असेल तर तो नीट फुटत नाही.

गोळा किती वेगाने वर येणार हे त्याच्या व्यासाच्या वर्गावर ठरतं. ४ मायक्रॉनचा एकटा गोळा तासाला साधारण २ मिलिमीटर वर सरकतो. त्याचे अर्ध्या मायक्रॉनचे तुकडे केले की वेग ६४ पटींनी घटतो, दिवसभरात जेमतेम १ मिलिमीटर. म्हणून पिशवीत मलईचा थर येत नाही. पण गोळे आहेत तिथेच आहेत, विरघळले कुठे?

तिरफळ
मग नावच चुकीचं म्हणायचं!

दूधभाकर
नाव प्रक्रियेचं आहे, मिश्रणाच्या प्रकाराचं नाही. ‘सगळीकडे सारखं पसरवलेलं’ एवढाच त्याचा अर्थ. ऑग्युस्त गोलँ या फ्रेंच माणसाने १८९९ मध्ये या यंत्राचं पेटंट घेतलं, तेव्हापासून हाच शब्द रूढ आहे. आणि गंमत बघा, कणांची संख्या वाढते, त्यांचा एकूण पृष्ठभाग कितीतरी पट वाढतो, त्यामुळे हे दूध प्रकाश जास्त विखुरतं आणि कच्च्या दुधाहून पांढरं दिसतं. ‘होमोजिनाइज्ड’ दुधात टिंडल परिणाम कमी होत नाही.

काथ्याकूट
मला ही विभागणीच पटत नाही. पुरेसं जवळ जाऊन पाहिलं तर मिठाच्या पाण्यातही इथे सोडियम, तिथे क्लोराइड, मध्ये पाणी. सगळंच विषमांगी. आणि पुरेसं लांबून पाहिलं तर काँक्रीटही समांगी. मुलांना हे सांगायला हवं.

निवळशंख
काथ्याकूट, अर्ध्यापर्यंत तुमच्याशी सहमत. मोजपट्टी न सांगता ‘समांगी’ म्हणण्याला अर्थ नाही. पण मोजपट्टी मनाला येईल ती नसते. कण १ नॅनोमीटरहून लहान असतील तर त्यांना स्वतःचा पृष्ठभागच नसतो, आत आणि बाहेर असा भेद उरत नाही. ते द्रावण. १ नॅनोमीटर ते १ मायक्रॉनच्या दरम्यान कणाला पृष्ठभाग असतो पण तो सहज तळाला बसत नाही, ते कलिल. त्याहून मोठे कण असतील तर निलंबन किंवा पायस, आणि आज ना उद्या थर वेगळे होणार. सीमारेषा धूसर आहेत हे खरं. पण मिठाचं पाणी वर्षभर झाकून ठेवा, थर येणार नाही. फरक खरा आहे.

खलबत्ता
मूळ धाग्यात ‘चूक झाली तर काय बिघडतं’ असं विचारलंय, त्याचं सगळ्यात महत्त्वाचं उत्तर औषधाच्या बाटलीत आहे.

सिरप म्हणजे द्रावण. सस्पेन्शन म्हणजे निलंबन. लहान मुलांचं पॅरासिटामॉल दोन ताकदींत सर्रास मिळतं: ५ मिलीत १२५ मिलिग्रॅम आणि ५ मिलीत २५० मिलिग्रॅम. सस्पेन्शनची बाटली न हलवता ओतली तर सुरुवातीच्या चमच्यांत औषध कमी जातं, ताप उतरत नाही. तळाशी उरलेल्या चमच्यांत मात्र ते ठरल्यापेक्षा जास्त येतं. लेबलवरची मात्रा बाटली हलवलेली आहे असं धरूनच लिहिलेली असते.

प्रतिजैविकांच्या कोरड्या भुकटीच्या बाटल्यांत आणखी चुका होतात. योग्य रीत अशी: बाटली आधी कोरडीच आपटून-हलवून तळाची भुकटी मोकळी करा. उकळून पूर्ण गार केलेलं पाणी खुणेच्या निम्म्यापर्यंत घाला आणि जोरात हलवा. सगळी भुकटी भिजल्यावर खुणेपर्यंत पाणी भरा, परत हलवा, फेस बसू द्या. पातळी खाली आली असेल तर पुन्हा खुणेपर्यंत भरा. एकदम सगळं पाणी ओतलं तर तळाशी गाठ राहते. गरम पाण्याने औषध खराब होऊ शकतं. तयार औषध लेबलवर दिलेल्या दिवसांनंतर वापरू नये. मोजायला सोबतचं टोपण किंवा सिरिंज घ्या, घरातले चमचे एकसारखे नसतात.

आगळ
खलबत्ता, उत्तम प्रतिसाद. ‘प्रत्येक चमच्यात तेच येतं का?’ हीच व्याख्या मुलांना द्यायला हवी.

घरात करायच्या जलसंजीवनीला ती लगेच लागू पडते. १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ. खडे मीठ घेऊन घाईत ढवळलं तर शेवटचा घोट खारट लागतो, म्हणजे आधीच्या घोटांत मीठ कमी गेलं. पूर्ण विरघळल्यावर मात्र वरचा घोट आणि तळचा घोट सारखाच, पुन्हा ढवळावं लागत नाही.

मूस
सगळे पातळ पदार्थांतच अडकलेत. घनातही हे आहे आणि तिथे डोळा पार फसतो.

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. जस्त साधारण ३५ टक्क्यांपर्यंत असेल तर ते तांब्याच्या स्फटिकात मुरून जातं आणि एकच प्रावस्था (सगळीकडे सारखीच रचना) राहते. हे समांगी पितळ थंड असताना ठोकून, ओढून पातळ भांडी करता येतात. जस्त ४० टक्क्यांवर नेलं की आत दोन वेगळ्या प्रावस्था तयार होतात. बाहेरून तसंच पिवळं, पण थंड ठोकलं तर तडकतं, गरम करून मात्र छान घडवता येतं.

इलेक्ट्रॉनिक्सच्या कामातली डाकाची तार घ्या. ६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसं. १८३ अंशांवर वितळते तेव्हा ती समांगी द्रव असते. थिजताना कथीलबहुल आणि शिसेबहुल असे बारीक पट्टे वेगळे होतात. तेच घटक, तेच प्रमाण, फक्त तापमान बदललं आणि समांगीचं विषमांगी झालं.

तिरफळ
मग कल्हई?

मूस
कल्हई मिश्रणात धरू नका. नवसागराने भांडं साफ करून त्यावर वितळलेल्या कथलाचा थर पसरवतात. कथील २३२ अंशांना वितळतं. थर म्हणजे थर, सांध्याच्या अगदी पातळ पट्टीत काय होतं ते सोडलं तर.

पाटीपेन्सिल
तापमानाने प्रकार बदलतो हे फार उपयोगी आहे. याचं स्वयंपाकघरातलं उदाहरण मिळेल का? वर्गात डाक वितळवता येणार नाही.

दूधभाकर
कोरा चहा. कडक, बिनदुधाचा, बारीक कापडातून गाळलेला. गरम असताना पारदर्शक तांबूस असतो. फ्रिजमध्ये ठेवला की गढूळ होतो, कारण कॅफिन आणि चहातले तुरट घटक थंडीत एकमेकांना धरून बारीक कण करतात. परत तापवा, पुन्हा स्वच्छ. पातळ चहात नीट दिसत नाही, कपाला दोन चमचे पावडर घ्या.

निवळशंख
नुसतं पाणी मिसळूनही प्रकार बदलतो. डेटॉल बाटलीत पारदर्शक तपकिरी असतं, ते द्रावण. पाण्यात टाकताच दुधाळ होतं. त्यातलं औषध आणि पाइन तेल हे अल्कोहोल आणि साबणाच्या आधाराने विरघळलेले असतात. पाणी वाढलं की तो आधार अपुरा पडतो आणि तेलाचे सूक्ष्म थेंब बाहेर पडतात. काळं फिनेल पाण्यात पांढरं होतं त्यामागेही असंच कारण.

द्राक्षवेल
मोरचुदाचं (कॉपर सल्फेटचं) समांगी द्रावण आणि चुन्याचं दूध एकत्र करून विषमांगी मिश्रण मुद्दाम बनवायचं असेल तर बोर्डो मिश्रण हे बुरशीनाशक बघा. द्राक्ष आणि सुपारीच्या बागा याच्या भरवशावर आहेत. १८८५ मध्ये फ्रान्समधल्या बोर्दोच्या मिलार्देने केवडा रोगावर त्याचा उपाय जाहीर केला, तेव्हापासून ते चालू आहे. (चुन्याचं दूध काटेकोर अर्थाने निलंबनच आहे, तेवढं समजून घ्या.)

१ टक्क्यासाठी मोरचूद १ किलो, कळीचा चुना १ किलो, पाणी १०० लिटर. मोरचूद फडक्यात बांधून प्लास्टिकच्या पिंपात पाण्याच्या वरच्या थरात लोंबकळत ठेवा. जड द्रावण आपोआप खाली उतरतं आणि मोरचूद लवकर विरघळतं. तळाशी टाकलंत तर तासन् तास तसंच पडून राहतं. हे ५० लिटर. दुसऱ्या पिंपात चुना थोड्या पाण्यात विरवा, गार होऊ द्या, ५० लिटर करा आणि कापडातून गाळा. मग मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात बारीक धारेने ओता, ढवळणं थांबवू नका. दोन्ही घट्ट ठेवून एकत्र करायची आणि नंतर पाणी वाढवायचं असं केलं तर साका जाडा होतो, नोझल तुंबतं आणि पानाला नीट चिकटत नाही. लोखंडी किंवा जस्ताच्या भांड्यात अजिबात नको.

तपासणी: घासलेला विळा मिनिटभर बुडवा. तांबूस पुट आलं तर मोकळं तांबं शिल्लक आहे, फवारलं तर पानं करपतील, अजून चुना घाला. चुना ताजा आणि चांगला असेल तर किलोपेक्षा बराच कमी पुरतो, म्हणून सामू (pH) कागदाने बघत बघत घालावा. त्याच दिवशी फवारा. शिळ्या मिश्रणात कण मोठे होत जातात आणि चिकटपणा जातो.

अवांतर: कीटकनाशकांच्या डब्यावरची अक्षरं हेच सांगतात. एस.एल. पाण्यात पूर्ण विरघळतं. ई.सी. बाटलीत द्रावण, पंपात दुधाळ पायस. डब्ल्यू.पी. म्हणजे भुकटी, पाण्यात निलंबन. भुकटी आधी वाटीभर पाण्यात कालवून मगच पंपात घाला आणि फवारताना पंप हलवत राहा, नाहीतर पहिल्या ओळीला नुसतं पाणी आणि शेवटच्या ओळीला सगळं औषध.

खलबत्ता
म्हणजे पुन्हा सस्पेन्शनच्या बाटलीचीच गोष्ट, फक्त पंपात!

गाळसाळ
द्राक्षवेल यांनी कण तयार करायला सांगितले, मी घालवायला सांगतो. पावसाळ्यातलं गढूळ पाणी तासभर ठेवूनही निवळत नाही, कारण चिकणमातीच्या बारीक कणांवर ऋण विद्युत भार असतो आणि ते एकमेकांना ढकलतात. तुरटी पाण्यात गेली की ॲल्युमिनियम तो भार मारतं आणि स्वतःचा चिकट, कापसासारखा साका करून कणांना गुंडाळतं.

खडा फिरवण्यात किती तुरटी गेली ते कळत नाही. मोजून करा. १० ग्रॅम तुरटी १ लिटर पाण्यात विरघळवा. या पाण्याच्या १ मिलीत १० मिलिग्रॅम तुरटी आली. चार बरण्यांत एकेक लिटर गढूळ पाणी घ्या आणि त्यांत २, ४, ६, ८ मिली घाला. मिनिटभर जोरात ढवळा, मग पंधरा मिनिटं अगदी हळू, मग अर्धा तास हात लावू नका. सर्वांत कमी मात्रेत जी बरणी नितळ झाली, ती मात्रा तुमच्या पाण्याची. हळू ढवळण्याच्या वेळी जोर लावला तर जमलेला साका फुटतो. मात्रा फार वाढवली तर कणांवर उलटा, धन भार चढतो आणि पाणी पुन्हा गढूळच राहतं. नितळ झालं म्हणजे जंतू गेले असं नाही, उकळणं किंवा क्लोरीन लागणारच.

आगळ
म्हणजे सोलकढी फाटते तेव्हा साधारण असंच होतं! नारळाचं दूध हे तेलाचं पाण्यातलं पायस, थेंबांभोवती प्रथिनांचं आवरण. कोकमाच्या आंबटाने सामू ४ च्या आसपास आला की त्या प्रथिनांवरचा भार संपतो आणि थेंब एकमेकांना चिकटतात. म्हणून आगळ (कोकमाचा रस) थोडं थोडं, गार दुधात, ढवळत घालावं आणि कढी वाढायच्या वेळीच करावी. तापवू तर नयेच, ८० अंशांच्या आसपास प्रथिनं गोठतात आणि चोथा-पाणी होतं. फ्रिजमध्ये वर जो पांढरा घट्ट थर येतो तो फाटण्याचा नव्हे. खोबरेल साधारण २४ अंशांखाली गोठतं, म्हणून तो.

काथ्याकूट
भार, पृष्ठभाग, आकार. आता विभागणी पटू लागली. वाचनखूण साठवली.

पाटीपेन्सिल
मूळ प्रश्नाकडे येतो. परीक्षेसाठी प्रश्न असा केला तर? ‘दुधाच्या पिशवीवर होमोजिनाइज्ड असे लिहिलेले असते, तरीही दूध विषमांगी मिश्रण आहे. कारण द्या.’ अपेक्षित उत्तर: स्निग्धाचे गोळे लहान होतात पण विरघळत नाहीत, प्रकाशाचा पट्टा दिसतो, आणि गालनपत्राने (फिल्टर पेपरने) गाळून घटक वेगळे करता येतात.

निवळशंख
शेवटचा मुद्दा काढा. साध्या प्रयोगशाळेतल्या गालनपत्राची छिद्रं ११ मायक्रॉनच्या आसपास असतात. दुधातले जवळपास सगळे कण त्यातून सहज पार होतात. एखादा मुलगा घरी करून बघेल आणि गाळल्यावर खाली दूधच मिळालं म्हणून ‘समांगी’ लिहील. त्याऐवजी लिंबू लिहा: पाव पेला कोमट दुधात अर्धं लिंबू पिळलं की चोथा आणि पाणी वेगळं दिसतं.

आगळ
पण लिंबाने रचना बदलली, घटक नुसते वेगळे केले नाहीत, असं कुणी म्हणेल.

दूधभाकर
तर मग रवी घ्या. होमोजिनाइज्ड नसलेल्या दुधाचं दही लावून, १०-१२ अंशांना गार करून घुसळा. कोणतंही रसायन न घालता स्निग्धांश लोणी होऊन वर येतो. थंडपणा महत्त्वाचा, गोळे अर्धवट घट्ट असले तरच एकमेकांत रुततात. उन्हाळ्यात बर्फाचं पाणी घालतात ते याचसाठी, आणि कडक थंडीत कोमट पाणी, कारण फार घट्ट गोळेही जुळत नाहीत. शेजारी होमोजिनाइज्ड दुधाचं दही तितकाच वेळ घुसळून ठेवा. त्यावर लोणी नीट जमत नाही, कारण त्या बारीक गोळ्यांवर केसिनचं नवं आवरण चढलेलं असतं. वर्गात दोन्ही पातेली शेजारी ठेवली की पिशवीवरच्या शब्दाचा अर्थ मुलांना समोर दिसेल. मात्र पिशव्या घेताना लेबल वाचा, दोन्हींत स्निग्धांश सारखा हवा. टोन्ड दुधात तो ३ टक्के आणि फुल क्रीममध्ये ६. टोन्डच्या शेजारी फुल क्रीम ठेवलंत तर फरक कशामुळे पडला तेच कळणार नाही.

पाटीपेन्सिल
गाळण्याचा मुद्दा काढला, रवी घातली. दोन्ही पिशव्या ६ टक्क्यांच्या घेतो.